"कॅशलेस चालत नाही" म्हणजे नक्की काय चालत नाही?

आमच्या आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीख मिळाली, रक्त, लघवी, ईसीजी, फिजिशियनची फिटनेसची सही, सगळं झालं, चुलत बहीण नाशिकहून रजा टाकून आली, आणि ऍडमिट व्हायच्या आदल्या दुपारी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून फोन आला. "तुमची कंपनी सध्या आमच्याकडे चालत नाहीये, कॅशलेस होणार नाही, डिपॉझिट भरून या." आत्या बारा वर्षं न चुकता हप्ता भरतेय, एकदाही क्लेम नाही. ती मला म्हणाली, "चालत नाही म्हणजे काय रे? मी काय फाटकी नोट आणलीये का?"

तेव्हा मला तिला धड उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, टीपीए डेस्कवर काम केलेल्या एका ओळखीच्याचं डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते इथे सोप्या भाषेत लिहितोय, कारण हा प्रकार आता दर थोड्या दिवसांनी पेपरात येतो आणि बातमी वाचून सामान्य माणसाला एवढंच कळतं की कोणीतरी कोणाशी तरी भांडतंय.

आधी चार शब्द, मग परत त्रास नाही

कॅशलेस म्हणजे हॉस्पिटलचं बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते, तुम्ही फक्त विम्यात न बसणारा थोडा भाग भरता. रीइम्बर्समेंट म्हणजे आधी तुम्ही खिशातून भरा, मग कागद पाठवा, मग कंपनी तपासून तुमच्या खात्यात टाकेल. नेटवर्क हॉस्पिटल म्हणजे ज्याचा त्या कंपनीशी करार आहे ते. त्या करारात कुठल्या उपचाराला किती पैसे हे ठरलेलं असतं, त्याला म्हणतात टॅरिफ. आणि टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने कागदपत्रं बघणारी मधली संस्था, काही कंपन्या ते काम स्वतःच करतात पण हॉस्पिटलातल्या त्या काउंटरला सगळे टीपीए डेस्कच म्हणतात.

मेसवाले काका, बाबा आणि मुलगा

पुण्यात शिकायला आलेला मुलगा डोळ्यासमोर आणा. बाबांनी मेसवाल्या काकांशी ठरवलंय, मुलगा दोन वेळ जेवेल, ताटाचा भाव अमुक, महिन्याच्या शेवटी पैसे मी पाठवीन. मुलाला खिशात हात घालावा लागत नाही, हे झालं कॅशलेस. दोन-तीन वर्षांनी काका म्हणतात तेल वाढलं, गॅस वाढला, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार वाढला, भाव वाढवा. बाबा म्हणतात उलट तुमच्याकडे माझी तीन पोरं जेवतात, भाव कमी करा, आणि मागच्या महिन्यात तुम्ही पापडाचे वेगळे लावलेत तेही मी देणार नाही. काका चिडतात, उद्यापासून तुमच्या पोराला उधारीवर ताट नाही.

मुलगा ताट घेऊन उभा. त्याचं ना भावाशी देणंघेणं, ना पापडाशी. बाबा त्याला फोनवर सांगतात, तू रोख भरून जेव, पावती पाठव, मी बघतो. बघतो हा शब्द लक्षात ठेवा, पुढे येणारे.

काका म्हणजे हॉस्पिटल, बाबा म्हणजे विमा कंपनी, मुलगा म्हणजे पेशंट. फरक एवढाच की इथे बाबांना दरवर्षी हप्ता मुलगाच देतो!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नक्की काय झालं

१६ ऑगस्टपासून निवा बूपा या विमा कंपनीने मॅक्स हॉस्पिटल्समधलं कॅशलेस थांबवलं. इथे बंद केलं कंपनीने. आठवड्याभरात उलट्या बाजूने बातमी आली, हॉस्पिटलांची एक मोठी संघटना आहे, असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स इंडिया, तिने उत्तर भारतातल्या आपल्या सदस्य हॉस्पिटलांना सांगितलं की १ सप्टेंबरपासून बजाज अलायन्झच्या पॉलिसीवाल्यांना कॅशलेस देऊ नका. केअर हेल्थलाही तशीच नोटीस गेली. बजाज अलायन्झ मुख्यालयाने आपली पुण्याचीच, त्यामुळे बंदी उत्तरेत होती तरी फॅमिली ग्रुपवर मेसेज इकडे फिरत होते. बजाजचं ते प्रकरण १ तारीख उजाडायच्या आत बैठक होऊन मिटलं. मग सप्टेंबरमध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीची पाळी, २२ तारखेपासून कॅशलेस बंद, असा त्याच संघटनेचा इशारा.

आणि हे काही नवीन नाही. २०१० च्या जुलैमध्ये न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांनी मिळून मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरूतल्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांचं कॅशलेस बंद केलं होतं आणि आम्ही ठरवलेल्या पॅकेजच्या भावात जी हॉस्पिटलं तयार होतील तीच आमची, असं सांगितलं होतं. मुंबईत तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती, हायकोर्टापर्यंत गेलं होतं. म्हणजे पंधरा वर्षांत पात्रं बदलली, नाटक तेच.

भांडण कशाचं, थोडं खोलात

वरवर बघितलं तर भावाचं. हॉस्पिटलांच्या त्या संघटनेचं म्हणणं होतं की उपचारांचा खर्च वर्षाला ७ ते ८ टक्क्यांनी वाढतो, पगार, औषधं, वीज, सगळंच, आणि कंपनी जुन्याच टॅरिफवर अडून बसलीये, उलट आणखी कमी करा म्हणते. पण खरं दुखणं भावाइतकंच उधारीचं आहे. कॅशलेस पेशंट डिस्चार्ज होऊन हसत घरी जातो त्या क्षणी हॉस्पिटलला पैसे मिळालेले नसतात, मिळालेलं असतं मंजुरीचं पत्र. पैसे नंतर येतात, आणि कधी कधी मंजूर रकमेतूनही काहीतरी कापून येतात, त्याचं पत्रोत्तर करत बसा. मोठ्या साखळी हॉस्पिटलला हे पेलतं. वीस-पंचवीस खाटांचं तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम असेल तर डॉक्टर नवराबायको सोनोग्राफी मशीनचा ईएमआय भरू की सिस्टरांचा पगार करू या विवंचनेत असतात.

आता दुसरी बाजू. विमा कंपनी म्हणते, एकाच शहरात एकाच ऑपरेशनची बिलं दुप्पट-तिप्पट फरकाने येतात, विमा आहे म्हटलं की तपासण्यांची यादी लांबते, दोन दिवसांचा मुक्काम चार दिवसांचा होतो. यातही तथ्य आहे, आपण सगळ्यांनीच काउंटरवर पहिला प्रश्न ऐकलाय, "मेडिक्लेम आहे का?" आजार काय हा प्रश्न दुसरा.

हॉस्पिटलांच्या भावाची अजून एक गंमत. सरकारने २०१७ मध्ये फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटचा आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटचा भाव बांधून दिला. पण गुडघा बदलायच्या बिलात इम्प्लांट ही एक ओळ असते. ओटी चार्जेस, सर्जनची फी, भूल, खोली, हातमोजे-गाऊन-सुया, या बाकीच्या ओळींना बांध नाही. त्याच मोकळ्या ओळींवर ही टॅरिफची ओढाताण चालते.

"पण माझ्या पॉलिसीत कॅशलेस लिहिलंय ना?"

लिहिलंय, पण नीट वाचा. तुमच्या पॉलिसीत कंपनीने वचन दिलंय ते उपचाराचा खर्च देण्याचं. कॅशलेसची सोय नेटवर्क हॉस्पिटलात मिळेल असं लिहिलेलं असतं, आणि नेटवर्कात कोण हे ठरतं कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यातल्या दुसऱ्याच कागदावर, ज्यावर तुमची सही नाही, जो तुम्हाला कधी दाखवला जात नाही. तो कागद तुमच्या पॉलिसीच्या मध्यावर संपू शकतो. तुम्ही एप्रिलमध्ये यादी बघून पॉलिसी घेतली, ऑगस्टमध्ये घराजवळचं हॉस्पिटल यादीतून गेलं, हप्ता तेवढाच.

मला या सगळ्यात सर्वात जास्त खटकतं ते हेच. एजंट पॉलिसी विकताना पहिलं वाक्य बोलतो ते इतक्या हजार हॉस्पिटलांत कॅशलेस, म्हणजे विकायचं यादीवर आणि नंतर सांगायचं यादी ही फक्त सोय आहे. दोघं भांडतात तेव्हा दोघांच्याही हातातलं हत्यार एकच असतं, काउंटरवर उभा असलेला पेशंट. हॉस्पिटलला माहितीये तो कंपनीला फोन करून शिव्या घालणार, कंपनीला माहितीये तो हॉस्पिटल बदलणार. पेशंटला त्रास झाला नाही तर दबावच येत नाही.

"शेवटी पैसे मिळतातच की, मग एवढा गळा कशाला?"

हा प्रश्न मला एका शहाण्या नातेवाईकाने विचारला, ज्याच्या बँकेत कायम आठ-दहा लाख पडून असतात. त्याच्यासाठी खरंच काही फार फरक नाही. पण कॅशलेसमध्ये जी उधारी कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यात होती ती रीइम्बर्समेंटमध्ये तुमच्या डोक्यावर येते, पेशंट स्वतःच काही आठवडे विमा कंपनीचा सावकार होतो. त्यासाठी कोणी एफडी मोडतं, कोणी बायकोचं सोनं गहाण टाकतं, कोणी क्रेडिट कार्ड घासतं आणि त्याचं व्याज कुठल्याच क्लेम फॉर्मवर मागता येत नाही.

शिवाय बाबांचं ते "बघतो". रीइम्बर्समेंटला फाइल गेली की प्रत्येक पावती, प्रत्येक प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर, सगळं ओरिजिनल लागतं, आणि एक कागद राहिला की क्वेरी निघते. शिवाय पॉलिसीत एक वाक्य असतं, "वाजवी आणि प्रचलित दरानुसार". म्हणजे हॉस्पिटलने तुमच्याकडून घेतले १०० आणि कंपनीला त्या भागात ८० वाजवी वाटले तर वरचे २० तुमचे. करारात असताना हा वाद हॉस्पिटलशी होता, आता तुमच्याशी.

आणि सगळ्यात वाईट फसतात ते एकदाच ऑपरेशन होणारे नाहीत. डायलिसिसवाले, केमोची सहा सायकल ठरलेले आणि तिसऱ्या सायकलला हे ऐकायला लागलेले, सातव्या महिन्यात असलेल्या बायका ज्यांची डॉक्टर एकाच हॉस्पिटलात डिलिव्हरी करते. त्यांना हॉस्पिटल बदला म्हणणं म्हणजे डॉक्टर बदला म्हणणं.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं, तिकडे मुलंबाळं असलेल्यांना माहीत असेल. २५ ऑगस्ट २०२५ ला बाल्टिमोरचं प्रसिद्ध जॉन्स हॉपकिन्स आणि युनायटेड हेल्थकेअर यांचा करार तुटला, जवळपास आपल्याकडच्या गोंधळाच्याच दिवसांत. पण त्यांच्याकडे १ जानेवारी २०२२ पासून एक कायदा आहे, त्यात इमर्जन्सीत करार नसलेल्या हॉस्पिटलात गेलात तरी ज्यादा बिल पेशंटवर टाकता येत नाही, आणि करार तुटला तेव्हा गंभीर आजाराचे उपचार चालू असतील किंवा बाई गरोदर असेल तर ९० दिवसांपर्यंत जुन्याच भावात उपचार चालू ठेवता येतात. अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेचं कौतुक करायची वेळ माझ्यावर फार येत नाही पण ही ९० दिवसांची गोष्ट उचलण्यासारखी आहे.

"मग इर्डा काय झोपलंय का?"

इर्डा म्हणजे आपली विमा नियामक संस्था, आणि तिचा हात विमा कंपनीपर्यंतच पोचतो, हॉस्पिटलपर्यंत नाही. २९ मे २०२४ च्या परिपत्रकात तिने कंपन्यांना सांगितलं, कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्या, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या, आणि तीन तासांच्या वर उशीर होऊन हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीच्या भागधारकांच्या पैशातून भरा. चांगला नियम आहे. पण हॉस्पिटलने अर्जच पाठवला नाही तर कुठला तास आणि कुठले तीन तास.

हॉस्पिटलांच्या भावावर देशभर लक्ष ठेवणारी इर्डासारखी संस्थाच नाही. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा चालतो, त्याच्या नियमांत २०२१ मध्ये दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची सक्ती आली. लावलेलं दरपत्रक तुम्ही कधी वाचलंत? मीही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने केंद्र सरकारला दर ठरवण्यावरून सुनावलं होतं, तरी ते घोंगडं भिजतच आहे.

भाव बांधता येतच नाहीत असं मात्र नाही. मे २०२० मध्ये, कोरोनात, महाराष्ट्र सरकारने खाजगी हॉस्पिटलांना वॉर्डचे दिवसाला ४०००, आयसीयूचे ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० असे आकडे लिहूनच दिले होते. पळवाटा निघाल्या, पीपीई किटची बिलं आठवत असतील, पण निदान भांडायला एक आकडा हातात होता.

"कॅशलेस एव्हरीव्हेअर आलंय ना?"

आलंय, जानेवारी २०२४ पासून. जनरल इन्शुरन्स कौन्सिल म्हणजे विमा कंपन्यांच्या मंडळाने जाहीर केलं की नेटवर्कात नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळेल, ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवा, इमर्जन्सी असेल तर ऍडमिट झाल्यापासून ४८ तासांत. ऐकायला झकास. पण टाळी दोन हातांनी वाजते, कंपनी तयार असली तरी हॉस्पिटलने "हो, आम्ही उधारीवर करतो" म्हणायला हवं. जे हॉस्पिटल त्याच कंपनीशी भांडून बाहेर पडलंय ते कशाला म्हणेल? ज्या हॉस्पिटलचा आणि कंपनीचा कधी संबंधच आला नव्हता तिथे याचा उपयोग होऊ शकतो, म्हणून अर्ज करून बघायला हरकत नाही.

"एका वाक्यात सांग, चोर कोण?"

नाही सांगता येत. एक आकडा देतो, इर्डाच्या २०२३-२४ च्या अहवालातला. आरोग्य विम्यात १०० रुपये हप्त्यामागे क्लेमवर किती गेले, तर सरकारी कंपन्यांचे साधारण १०३, खाजगी जनरल कंपन्यांचे ८९, आणि फक्त आरोग्य विमाच विकणाऱ्या कंपन्यांचे ६५ च्या आसपास. म्हणजे आम्हाला परवडत नाही हे वाक्य सगळ्या कंपन्यांच्या तोंडी सारखंच शोभत नाही. सरकारी कंपनी म्हणाली तर मी ऐकून घेईन, ६५ वाली म्हणाली तर उरलेले ३५ कुठे गेले, कमिशन किती, जाहिराती किती, हे विचारीन. पण हॉस्पिटलांनी मागितलेली सगळी वाढ दिली तर ती शेवटी कोणाच्या हप्त्यातून निघणार? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तो आनंद पुढच्या हप्तावाढीत विरघळणार असं आपलं मला वाटतं.

आणि सरकारच्या योजना यातून सुटल्यात असंही नाही, हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्येच खाजगी हॉस्पिटलांनी थकबाकीवरून आयुष्मानचे उपचार थांबवले होते. तिथे बाबा सरकार होते एवढंच.

"मग कंपनी बदलू का?"

पोर्ट करता येतं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते, आणि आधीच्या आजारांना विमा लागू व्हावा म्हणून तुम्ही जितकी वर्षं थांबलात ती नव्या कंपनीकडे धरली जातात. पण नवी कंपनी तुम्हाला घेईलच असं नाही, साठीच्या पुढे शुगर-बीपी असेल तर फारच तपासून घेतात. रिन्यूअलच्या निदान दीड-दोन महिने आधी हालचाल करा आणि नव्याची पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका. एका भांडणावरून घाईने बदलू नका असं माझं मत, कारण ही भांडणं बहुतेक मिटतात आणि पुढच्या वर्षी तुमच्या नव्या कंपनीचं नाव पेपरात असेल. घराजवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत आपली कंपनी वर्षानुवर्षं टिकून आहे का एवढं मात्र विचारा, ते टीपीए डेस्कवाले अगदी खरं सांगतात, त्यांना कमिशन नसतं.

ऍडमिट व्हायच्या आधी

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर वेबसाइटवरच्या यादीवर विसंबू नका, ती शिळी असू शकते. आठवडाभर आधी टीपीए डेस्कला विचारा, "आजच्या तारखेला आमची कंपनी चालते का?" आणि कंपनीला ईमेल करा, फोन नाही, ईमेल, कारण उत्तर लेखी हवं. ऍडमिट होण्याच्या आदल्या दिवशी परत विचारा.

दुसऱ्या हॉस्पिटलात जायची वेळ आली तर खोलीचं भाडं बघा. पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५००० असेल आणि नव्या ठिकाणी तुम्ही ८००० ची घेतली, तर कंपनी फक्त भाड्याचा फरक नाही कापत, डॉक्टरची फी, ओटी वगैरे खर्चही पाच-अष्टमांशच देते. म्हणजे असा खर्च १,६०,००० असेल तर मिळतील १,००,००० आणि ६०,००० तुमचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागू नाही, लावली तर भांडा.

क्लेम कापला किंवा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

आत्याचं ऑपरेशन शेवटी त्याच हॉस्पिटलात झालं, कारण तिला तेच डॉक्टर हवे होते. चुलत भावाने एफडी मोडली. पैसे बावन्न दिवसांनी आले, कापलेल्या गोष्टींची यादी दीड पानाची होती, त्यात हातमोजे होते, थर्मामीटर होता, आणि एक ओळ होती "प्रशासकीय शुल्क". आत्याने ती यादी फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलीये, लोकपालांचा अर्ज या आठवड्यात जाईल.